रुखमाबाईंचा गुंड

मंगळवारी जंगल बंद असतं ही गोष्ट गुणवंतराव रायपुऱ्यांना मंगळवारीच सकाळी साडेनऊ वाजता, ताडोबाच्या गेटपासून चार किलोमीटर अलीकडे कळली. गेटवर त्यांचा एक जुना विद्यार्थी नोकरीला होता. त्याच्या भरवशावर त्यांनी बुकिंग वगैरे काही केलं नव्हतं. त्याला फोन लावला, तर तो म्हणाला, "गुरुजी, आज मंगळवार हाये. आज मीच घरी हावो."

गाडीत सात माणसं होती. पुढे ड्रायव्हर अयूबभाई आणि त्याच्या शेजारी गुणवंतराव. मधल्या सीटवर पुण्याहून आलेले मेश्राम साहेब, त्यांच्या पत्नी पंचशीलाबाई आणि मुलगी संघप्रिया. मागे गुणवंतरावांच्या पत्नी रुखमाबाई आणि मुलगा अश्वजित. अश्वजित कोरपन्याला कृषी सहायक होता. त्याच्यासाठी संघप्रियाचं स्थळ आलं होतं. मुलामुलीची फोनवर बोलणी झालेली होती, आता घर बघायला मेश्राम मंडळी दोन दिवसांसाठी सावली गावाला आली होती. फोनवर गुणवंतराव त्यांना म्हणाले होते, "तुम्ही या तर. वाघ दाखवाची जिम्मेदारी माझी."

"तुले माहीत होतं काय रे, मंगळवारी बंद रायते म्हणून?" त्यांनी अयूबभाईला हळूच विचारलं.

"हे तर वाघालेबी माहीत हाये, गुरुजी," अयूबभाई हळू न बोलता म्हणाला. "मले वाटलं, तुम्ही पाहुण्यायले फिरवाले चालले."

मागे मेश्राम साहेबांनी चष्मा वर केला. ते विमा कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही गोष्टीत पाय टाकण्याआधी लोकांनी तिच्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते मोबाइलवर वाचत. बुधवारी संध्याकाळी त्यांची परतीची गाडी होती. "म्हणजे वाघ नाही," ते म्हणाले. रागाने नाही, नोंद केल्यासारखं.

"वाघ हाये ना," गुणवंतराव म्हणाले. "म्युझियमात हाये."

गेटच्या रस्त्यावर रिसॉर्टांच्या मागोमाग चार-पाच संग्रहालयं उगवली होती. गुणवंतराव त्यातल्या एकातही कधी गेले नव्हते. तरी "लय पाहाण्यासारखे हायेत" असं त्यांनी छातीठोक सांगितलं. तेहतीस वर्षं शाळेत काढल्यावर माणसाला न पाहिलेल्या गोष्टींबद्दल छातीठोक बोलता येतं.

पहिलं 'व्याघ्रविश्व'. आत अकरा फायबरचे वाघ आणि प्रत्येकापुढे एक लाल बटण. बटण दाबलं की डरकाळी. मेश्राम साहेबांनी आधी पाटी वाचली, मग बटण दाबलं. वाघ ओरडला. ओरडतच राहिला. बटण आतच रुतून बसलं होतं. अश्वजितने ते पेनाच्या टोकाने उचकटायचा प्रयत्न केला, तेव्हा शेजारचा वाघही सुरू झाला. तिकीट देणारा माणूस दारातून म्हणाला, "राहू द्या, दमला की होते बंद." कानांवर हात ठेवून सगळे बाहेर आले, तरी मागे दोन्ही वाघ चालूच होते.

"चार पूर्णांक एक तारे आहेत याला," मेश्राम साहेब मोबाइलकडे बघत म्हणाले. "कोणी दिले असतील?"

"वाघायनं," अयूबभाई म्हणाला.

दुसरं 'भ्रमनगरी'. सगळीकडे आरसे, मधून वाट शोधत बाहेर यायचं. मेश्राम साहेब सभ्य गृहस्थ. एका वळणावर समोरून एक गृहस्थ येताना दिसले, तसे ते बाजूला झाले. समोरचे गृहस्थही बाजूला झाले. "आधी तुम्ही," मेश्राम साहेब म्हणाले. समोरच्यानेही तोंड हलवलं. हे दोन-तीनदा झाल्यावर, आता आपणच पुढे जावं म्हणून साहेब झपकन निघाले आणि त्यांचं कपाळ आरशावर दाणकन आपटलं. बाहेर आल्यावर पंचशीलाबाईंनी टेंगळावर पाण्याची गार बाटली धरली. गुणवंतराव बाटलीकडे बघत उभे राहिले. एका स्थळाचं काय होत चाललंय, ते त्यांना त्या टेंगळावर स्पष्ट दिसत होतं.

"आता घरी चला जी," रुखमाबाई म्हणाल्या. "भात टाकतो, झुणका करतो. काऊन लोकायले तरास देऊन राह्यले?"

त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, असं गुणवंतरावांना पुढे आयुष्यभर वाटलं. पण तेव्हा ते म्हणाले, "आता एकच. हे शांत हाये. याच्यात आवाज नाई, आरसे नाई."

तिसऱ्याचं नाव होतं 'गावमाती'. कौलारू घर, सारवलेली ओसरी आणि आत जुन्या घरातल्या वस्तू. उखळ, जातं, सूप, पायली, धान्य साठवायची ढोली, कंदील. प्रत्येकीवर पिवळा दिवा सोडलेला. प्रफुल नावाचा एक तरतरीत व्यवस्थापक स्वागताला आला. मेश्राम साहेबांचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. संघप्रिया सूप उलटंसुलटं करून बघू लागली आणि रुखमाबाई तिला पाखडायचं कसं ते दाखवू लागल्या. गुणवंतरावांनी सुस्कारा सोडला आणि ते पुढच्या खोलीत गेले.

त्या खोलीतून ते लगेच बाहेर आले. "तिकडे काई नाई," ते म्हणाले. "तिकडे बंद हाये."

"चालू आहे ना, सर," प्रफुल म्हणाला. "आमचं सगळ्यात महत्त्वाचं दालन आहे ते."

सगळे आत गेले. गुणवंतरावही गेले आणि समोरच्या एका काचेच्या पेटीला पाठ लावून उभे राहिले.

"जरा सरकता का?" मेश्राम साहेब म्हणाले.

"इथी काई नाई."

"पाटी आहे."

गुणवंतराव इंच इंच सरकले. पेटीत एक मोठा पितळी गुंड होता. पाणी भरायचा, रुंद पोटाचा, घासून लख्ख केलेला. साहेबांनी पाटी मोठ्याने वाचली: "प्राचीन जलकुंभ. अंदाजे दीडशे वर्षे जुना. गळ्यावरील कोरीव लेखाची लिपी अद्याप उलगडलेली नाही."

साहेबांना आता खरा रस वाटू लागला. त्यांनी मोबाइलचा दिवा लावला, टेंगूळ काचेला लागू नये म्हणून मान तिरकी केली आणि बराच वेळ बघितलं. "ब्राह्मीची छटा वाटते," ते म्हणाले. "हा पहिला वर्ण 'इ' असावा."

रुखमाबाई सूप हातात घेऊनच आल्या आणि साहेबांच्या खांद्यावरून त्यांनी डोकावलं. "इसरू मामाकडून रुखमास," त्यांनी वाचलं. "सावलीच्या तुकारामनं कोरलं होतं. त्याचं अक्षर असंच होतं, दारू पेला की."

"हा माहा गुंड हाये," रुखमाबाई म्हणाल्या.

"गुंड?" पुण्यात वाढलेल्या संघप्रियाने दचकून विचारलं. "कोणता गुंड?"

"पान्याचा, बाई. माह्या लग्नातला. सहा वर्षं झाले चोरीले गेला तो." मग त्या प्रफुलकडे वळल्या. "इथी कसा आला हा?"

प्रफुलने गावोगाव भांडी गोळा करणाऱ्या गाडीवाल्याचं रजिस्टर आणलं. वस्तू कुठून आली याची त्यात चोख नोंद होती. त्याने बोट फिरवलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "मुक्काम सावली. दोन फायबरच्या खुर्च्यांच्या बदल्यात. देणाऱ्याचं नाव..." तो थांबला आणि त्याने गुणवंतरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पण रुखमाबाईंनी वही त्याच्या हातातून काढून घेतली होती. खाली सही होती. तेहतीस वर्षं मुलांच्या प्रगतिपत्रकांवर केलेली, ठळक, वळणदार, ओळखू न येणं अशक्य अशी.

"खुर्च्या तर शाळेनं देल्ल्या होत्या ना तुम्हाले? रिटायर झाले तेव्हा?" रुखमाबाईंनी विचारलं.

"शाळेनं शाल देल्ली होती," गुणवंतराव म्हणाले.

"अन् गुंड चोरीले गेला म्हणाले."

"तो गाडीवाला दारात उभा होता. नळ आला होता. मले वाटलं, आता गुंडाचं काय काम. मंग तू आली, अन् विचारलं, गुंड कुठी हाये. माह्या तोंडून निघून गेलं."

"अन् मी कांताले चोर म्हटलं."

कांताबाई म्हणजे रायपुऱ्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण. त्या दिवशी सकाळी ती विरजण मागायला आली होती. तेवढ्यावरून संशय आला. त्यानंतर सहा वर्षं दोघी बोलल्या नव्हत्या. कांताबाईच्या पोरीचं लग्न झालं, नातू झाला, बारसं झालं आणि रुखमाबाईंनी ते सगळं भिंतीच्या अलीकडून ऐकलं होतं.

रुखमाबाई खाली बसल्या. ओरडल्या नाहीत. गुणवंतरावांना त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आणि तेव्हाच पंचशीलाबाईंनी आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. "आपली ती परात," त्या म्हणाल्या. "माझ्या आईची. घर बदलताना टेम्पोतून पडली म्हणालात ती."

"पडलीच होती," मेश्राम साहेब म्हणाले. त्यांचा हात आपोआप टेंगळाकडे गेला.

"कोन्त्या रस्त्यावर पडली?" तीस वर्षांची पुण्याची मराठी पंचशीलाबाईंच्या तोंडून एका क्षणात उतरली. "सांगा ना. कोन्त्या रस्त्यावर?"

साहेबांना रस्ता आठवला नाही. पंचशीलाबाईंनी पदर खोचला आणि मांडणीवरच्या पराती एकेक उलट्या करून बघायला सुरुवात केली. "मॅडम, वस्तूंना हात लावू नका," प्रफुल म्हणत होता. तोपर्यंत नागपूरहून आलेल्या दोन बाया चौकशी करायला थांबल्या, त्यांना कारण कळलं, आणि त्यातली एक म्हणाली, "आमचा तांब्याचा बंबही असाच गेला." आता तिघी शोधत होत्या. त्यांचे नवरे ओसरीत जाऊन बसले आणि एकमेकांशी न बोलता मोबाइल बघू लागले.

परात सापडली नाही. पंचशीलाबाई हात झटकत परत आल्या त्या थेट अश्वजितसमोर. "तुमचे बाबा गुंड देऊन राह्यले होते, तेव्हा तुम्ही कुठं होता?"

अश्वजितने बापाकडे पाहिलं. बापाने डोळ्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. अश्वजितने मान खाली घातली. "मी खुर्च्या उतरवल्या," तो म्हणाला. "बाबांनी आईले सांगू नको म्हटलं. सांगाले पाहिजे होतं."

गुणवंतरावांनी डोळे मिटून घेतले. स्थळ गेलं, आणि तेही पोराच्या तोंडून.

"चला," पंचशीलाबाई म्हणाल्या. "विचारलं की पोरगा खरं सांगते, एवढं तर समजलं. मी तीस वर्षांपासून रस्त्याचं नाव विचारून राह्यली." संघप्रियाने हसू लपवायला रुखमाबाईंजवळचं सूप उचलून तोंडापुढे धरलं. त्या दिवशी पसंतीबद्दल कोणी याहून जास्त काही बोललं नाही, पण परतताना मधल्या सीटवर रुखमाबाई आणि पंचशीलाबाई शेजारी शेजारी बसल्या आणि मेश्राम साहेबांना मागे जावं लागलं.

निघताना प्रफुल पेटीची किल्ली घेऊन आला होता. कुरकुर न करता म्हणाला, "आजी, न्या तुमचा गुंड." रुखमाबाईंनी तो हातात घेतला. फिरवून पाहिला. घरी इतका लख्ख तो कधीच नव्हता. "राहू दे," त्या म्हणाल्या. "घरी नेला तर हे याच्या बदल्यात आणखी कायतरी आणतील. पन ते पाटी बदल. खरं लिव्ह."

घरी पोचताच, चहासुद्धा न घेता, त्या कांताबाईच्या दारात गेल्या. झालेलं सगळं ऐकून घेऊन कांताबाई एवढंच म्हणाली, "मी नाई मानत. दाखव."

म्हणून शनिवारी अयूबभाईची गाडी पुन्हा निघाली. या वेळी गाडीत दोघीच होत्या. नवी पाटी लागलेली होती: 'पितळी गुंड. मालकीण रुखमाबाई रायपुरे, सावली. पती गुणवंतराव यांनी पत्नीस न विचारता दोन खुर्च्यांच्या बदल्यात दिला.' कांताबाईने ती बोट ठेवून दोनदा वाचली.

"माह्यं नाव कुठी हाये?"

"तुह्यं काऊन?" रुखमाबाई म्हणाल्या.

"सहा वर्षं गावभर माह्यंच नाव होतं ना. आता खरं लिवाची पाळी आली, तर नाई का?"

रुखमाबाईंनी प्रफुलकडे पाहिलं. प्रफुलने खिशातून पेन काढलं. 'हा गुंड कांताबाईंनी चोरलेला नाही' ही ओळ घालायचं ठरलं. मग कांताबाईने पदराच्या गाठीतून सुपारी काढली, अर्धी फोडून रुखमाबाईंच्या हातावर ठेवली आणि येताना गाडीत सहा वर्षांचं बारसं, लग्न, आजारपण सगळं सांगून काढलं. अयूबभाईला मूल गावापर्यंत रेडिओ लावायला मिळाला नाही.

'गावमाती'ला आता गर्दी असते. मूलहून, सावलीहून, पार अहेरीहून बाया जीप करून येतात, मांडणीवरच्या भांड्यांचे गळे आणि बूड तपासतात. तीन भांडी ओळखली गेली आहेत. मेश्राम साहेबांनी पुण्याला गेल्यावर मोबाइलवर त्या जागेला एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'वस्तू अस्सल आहेत. सपत्नीक जाऊ नये.' ते वाचून बाया आणखीच येऊ लागल्या. लग्नाची तारीख दोन्ही विहीणबाईंनी फोनवर ठरवली आणि नंतर नवऱ्यांना कळवली.

पाटी पुन्हा रंगवायला देण्याआधी प्रफुलने कांताबाईंच्या ओळीसह सगळा मजकूर नव्याने लिहून मोबाइलवर गुणवंतरावांना पाठवला. 'गुरुजी, आपण निवृत्त मुख्याध्यापक आहात, शुद्धलेखन तेवढं तपासून द्या.' गुणवंतराव ओसरीत फायबरच्या खुर्चीवर बसले, त्यांनी चष्मा लावला, अश्वजितकडून मजकूर कागदावर उतरवून घेतला आणि लाल पेन काढलं. भिंतीपलीकडून दोन बायकांचं हसणं येत होतं. 'मालकिण'मधली वेलांटी त्यांनी दीर्घ केली. 'खुर्च्याच्या'वर अनुस्वार दिला. कांताबाईंच्या ओळीपुढे पूर्णविराम राहिला होता, तो टाकला. मग पुन्हा एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश वाचलं. आणखी कुठे चूक सापडते का ते बघत राहिले. सापडली नाही.