सूनबाईचा आकडा हजारावर

सासरेबुवांनी उभा जन्म कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात घालवला होता. आकडा कशाचाही असो, आपल्याला तो कळतोच, अशी त्यांची खात्री. निवृत्तीनंतर शेजाऱ्यांचे साखरेचे, चरबीचे रिपोर्ट ते न विचारता वाचत. नियम एकच: काटा लाल रेषेपलीकडे गेला की आधी भट्टी विझवायची, कारण मागाहून शोधायचं.

सूनबाईला मोठ्या खटपटीने इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. सोमवारी रुजू व्हायचं, त्याआधी हेपॅटायटिस बीच्या अँटिबॉडीची तपासणी. ती माहेरी गेलेली असताना रिपोर्ट घरी आला आणि नेमका सासरेबुवांच्या तावडीत सापडला. बाजूला मर्यादेचा आकडा छापला होता दहा, आणि सूनबाईचा आकडा हजाराच्या वर!

त्यांना दरदरून घाम फुटला. एवढ्या दाबाला बॉयलर छपरासकट उडतो, इथे तर लेकीसारखी सून होती. त्यांनी तिचं ताट, कप, टॉवेल गॅलरीत नेऊन ठेवले. इस्पितळाच्या मेट्रनबाईंना फोन करून कळवलं, की सून गंभीर आजारी आहे, रुजू होणार नाही. मग स्वतःही तीच तपासणी करून आले. त्यांचं उत्तर शून्य निघालं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

रविवारी सूनबाई परतली. गॅलरीतलं ताट पाहून तिने सगळं विचारून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"बाबा, हा आजार नाही. मी लस घेतली होती, त्यातून तयार झालेलं संरक्षण आहे हे. दहाच्या वर असलं की माणूस सुरक्षित. आणि हा आजार ताटवाटीतून पसरतही नाही."

"मग माझं शून्य?"

"तुमच्या बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्हच नाही."

असले बॉयलर वापरणाऱ्यांना सासरेबुवांनी आयुष्यभर फैलावर घेतलं होतं. ते ताट आत घेऊन आले.

सोमवारी ते स्वतः मेट्रनबाईंपुढे उभे राहिले आणि चूक कबूल केली. नशीब, जागा अजून भरली नव्हती. मेट्रनबाईंनी सूनबाईला हातमोजे दिले आणि सासरेबुवांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे तुझे पहिले पेशंट."

लसीची सुई दिसताच सासरेबुवांनी डोळे गच्च मिटले. दंडावर कापूस दाबत त्यांनी हळूच विचारलं, "आता होईल ना हजार?"

"अजून दोन इंजेक्शनं आहेत, बाबा. आणि तोवर कुणाचाही रिपोर्ट वाचायचा नाही."

सासरेबुवांनी निमूटपणे मान डोलावली, आणि बाही खाली करता करता शेजारच्या माणसाच्या हातातला रिपोर्ट तिरक्या नजरेने वाचून घेतला.