मोरकणशी कायमची झाली

कोणतीही वस्तू जपायची ठरवली की सर्वांत आधी तिचा वापर बंद करावा लागतो. पाहुण्यांसाठी आणलेला काचेचा सेट कपाटात जातो, नव्या सोफ्याचे प्लास्टिक तसेच राहते. विज्ञानाचा पदवीधर या नात्याने मी या नियमाला अपवाद शोधत होतो. तो सापडला नाही. उलट २००१ साली मी स्वतःच त्याचा एक भक्कम पुरावा तयार केला.

मांजरसुंब्याच्या वाटेवर आमच्या विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तिथल्या वनस्पतिशास्त्र विभागात गहिनीनाथ सरांनी सारी नोकरी एकाच कामात घालवली होती : जिल्ह्यातल्या गावरान ज्वाऱ्या गोळा करून जिवंत ठेवणे. पद्धत अगदी मागासलेली. बी राख घालून मडक्यात ठेवायचे आणि दर तीन वर्षांनी विभागामागच्या वावरात पेरून नवे बी धरायचे. (बी जुने झाले की उगवत नाही, हे आम्ही परीक्षेत पाच गुणांसाठी विचारतो.) या कामाचा एकही फोटो नव्हता. त्यामुळे ते झाले आहे असे खात्रीने कोणालाच सांगता येत नव्हते.

त्या वर्षी विद्यापीठाने कळवले की तपासणी समिती येणार आहे, तरी प्रत्येक विभागाचे कार्य दिवाळीपूर्वी इंटरनेटवर जतन व्हावे. मी नुकताच एम.एस्सी. होऊन तासिका तत्त्वावर लागलो होतो, आणि बीडच्या बसस्टँडसमोर संगणकाचा क्लास केलेला विभागात मी एकटाच होतो. (क्लासला संगणक दर शनिवारी दाखवत; इतर दिवशी त्याची आकृती काढून घेत.) साहजिकच जतनाची जबाबदारी माझ्याकडे आली.

मी ती शास्त्रीय पद्धतीने पार पाडली. स्कॅनरच्या काचेवर ज्वारीचे दाणे घरंगळतात, हे माझे पहिले निरीक्षण. म्हणून प्रत्येक वाणाचे दाणे पांढऱ्या पुठ्ठ्यावर सरसाने चिकटवले, सरळ ओळीत, सगळ्यांची टोके एका दिशेला. कीड लागू नये म्हणून वरून व्हार्निशचे दोन हात दिले. बाकीच्या वाणांचे थोडेथोडे बी मडक्यांत उरले. मोरकणशी नावाच्या ज्वारीचे मात्र मुळातच ओंजळभर राहिले होते. ते एका पुठ्ठ्यावर नेमके बसले, एकही दाणा जास्त झाला नाही, याचे मला फार समाधान वाटले.

“योगीराज, वापसा आलाय. पेरायचं कधी?” सरांनी विचारले.

“समिती जाऊ द्या सर, मग पेरू.”

“जमीन थांबती का समितीसाठी?”

“पण बी कुठं जातंय? आता ते कायमचं झालं.”

सरांनी पुठ्ठा उचलून कानाशी हलवून पाहिला. वयामुळे त्यांना तांत्रिक बाबी लवकर कळत नसत.

संकेतस्थळ मी मराठीतून केले, कारण ज्वाऱ्यांना इंग्रजी नावे नव्हती. त्यासाठी वापरलेला फाँट फक्त आमच्या संगणकात होता. इतर कोणत्याही संगणकावर ज्वारीच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि डॉलरची चिन्हे उगवत. विद्यापीठाने शेरा दिला : ‘मजकूर भरपूर आहे. उत्कृष्ट.’ तरीही कोणाची गैरसोय नको म्हणून आम्ही दारावर सूचना लावली : ‘जागतिक जाळे पाहण्याची वेळ ११ ते ४. लोडशेडिंग वगळून. चपला बाहेर काढाव्यात.’ भेटींचा आकडा बघता बघता चारशे बारावर गेला. (त्यातल्या चारशे नऊ माझ्या, आकडा वाढतो की नाही ते मी तपासत होतो. एक सरांची. उरलेल्या दोन कोणाच्या, हे कुतूहल अजून शमलेले नाही.)

जानेवारीत माजलगावकडचे सुग्रीव आले. मोरकणशीचे मूळ बी त्यांच्याच वडिलांनी, अर्जुनरावांनी, सरांना दिले होते.

“सर, कालवा आला अन् आमी समदा ऊस केला. घरची ज्वारी मोडली. आता बाबा रोज मोरकणशीच्या हुरड्याचं नाव काढतेत. धा कणसं द्या की.”

“यंदा पेरली नाही,” सर म्हणाले.

“कावून?”

“जतन चालू होतं,” मी खुलासा केला.

“मंग बी तरी द्या. म्होरल्या साली मी लावतो.”

मी पुठ्ठा दाखवला. सुग्रीवांनी नखाने एक दाणा खरवडून पाहिला. नख तुटले, दाणा हलला नाही.

“लई पक्कं काम हाय,” ते म्हणाले. विद्यापीठाबाहेरून मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

सरांनी मग पुठ्ठा कोमट पाण्यात भिजवला, एकेक दाणा सोडवला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवला. रोज सकाळी आले की चपला न काढताच ते आधी गोणपाट उघडत. उगवणक्षमता शून्य टक्के निघाली. हा निष्कर्षही मी संकेतस्थळावर टाकला, कारण शास्त्रात नकारात्मक निष्कर्ष लपवायचे नसतात.

पुढच्या आठवड्यात सुग्रीव वडिलांनाच जीपमध्ये घालून घेऊन आले. अर्जुनरावांनी सूचनेप्रमाणे जोडे बाहेर काढले. मी पडद्यावर मोरकणशीचा दाणा लिंबाएवढा मोठा करून दाखवला.

“हीच!” म्हातारा खुलला. त्याने बंडीच्या खिशातून पुडी काढून टेबलावर सोडली. आत जवसाची चटणी होती. “हं. आता काढ भाईर.”

मी त्यांना समजावून सांगितले की बाहेर निघण्याचा प्रश्न नाही, पण आता ती नाहीशीही होणार नाही. सगळे जग तिला पाहू शकते.

“जगानं बघितली व्हय?” अर्जुनराव उठले. “मंग जगालाच इचार, कशी लागती ते.”

चटणी तशीच राहिली. आकडा मात्र चारशे तेरा झाला.

सर त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाले. संकेतस्थळ आजही जागेवर आहे. आणि तुम्हीही हे शेवटपर्यंत वाचलेत. मोरकणशीचे नाव तुमच्या लक्षात राहिले, तिच्याविषयी थोडे वाईटही वाटले. म्हणजे जतनातला तुमचा वाटा पुरा झाला. आता उठून काही करण्याची गरज नाही. घरात कुठल्या डब्यात, मडक्यात जुने बी निघालेच, तर उगीच मातीत घालू नका. माझ्याकडे पुठ्ठे शिल्लक आहेत.