शुभेच्छुक क्रमांक सतरा

मनुष्याचं डोकं हा शरीराचा सर्वांत वरचा भाग असल्यामुळे वरून पडणारी कोणतीही वस्तू प्रथम त्याच्याच वाट्याला येते. निसर्गाची ही व्यवस्था उत्तम आहे. वस्तू थेट गुडघ्यावर पडू लागल्या असत्या, तर नुकसानभरपाईची प्रकरणं किती किचकट झाली असती याची कल्पनाच करवत नाही. (आत्ता ती सोपी आहेत असं मी म्हटलेलं नाही.)

मरोळच्या आमच्या सोसायटीसमोर तेरा मार्चला सकाळी साडेअकराच्या सुमारास एक फलक पडला. वीस फूट बाय दहा. आमच्या विभागाचं तडफदार नेतृत्व, दादा (त्यांना आडनाव लागत नाही), यांच्या वाढदिवसाचा. फलकाची मांडणी अगदी नमुनेदार होती. साठ टक्के दादा, दहा टक्के दादांचं आपल्यावर रोखलेलं बोट, दहा टक्के 'कोटी कोटी शुभेच्छा' ही अक्षरं आणि उरलेल्या वीस टक्क्यांत, अगदी तळाशी, आम्ही बेचाळीस शुभेच्छुक, पासपोर्ट साइजमध्ये. चौदा-चौदांच्या तीन रांगा. हे फोटो गोळा करण्याची जबाबदारी सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून माझ्यावर होती आणि ती मी दोन दिवसांत पार पाडली. सोसायटीचं रंगकाम अकरा वर्षं रखडलंय, पण ते वेगळं खातं आहे.

फलक पडला तो शुभेच्छुक क्रमांक सतरा यांच्या डोक्यावर. म्हणजे आमच्या तळमजल्यावरचे गुणाजी. त्या वेळी ते फलकाखाली मान वर करून स्वतःचा फोटो शोधत होते. फोटोला फलक छापणाऱ्या दुकानदाराने इतका गोरा रंग मारला होता, की त्यांना तो सापडेना. सापडला आणि 'अरे, हा बघ मी!' असं म्हणेपर्यंत वरचा बांबू सुटला.

इस्पितळात स्कॅन झाला. डोकं नॉर्मल निघालं. (बिल्डिंगमधल्या काही जणांना याचं फार आश्चर्य वाटलं.) चार टाके पडले, चहावाल्याने पैसे घेतले नाहीत, दादांच्या ऑफिसातून शहाळी आली आणि प्रकरण आमच्या दृष्टीने आनंदात संपलं.

पण पंधरा दिवसांनी कळलं, की गुणाजींचा वास गेलाय. म्हणजे नाक जाग्यावर आहे, सर्दी नाही, पण वास येत नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार लागला की कधी कधी वासाच्या नसा जातात, परत येतील किंवा येणार नाहीत. तुमचा-माझा वास गेला असता तर आपण जेवणाला नावं ठेवणं बंद केलं असतं, एवढाच फरक पडला असता. पण गुणाजींचा धंदा मसाल्याचा. तीस वर्षं त्यांचं मसाला कांडप आहे. मिरची कोणीही कुटून देईल हो, मशीन कुटतं. पण धने, बडीशेप, दगडफूल भाजताना कढई नेमकी कधी उतरवायची, हे गुणाजी पाठमोरे बसूनसुद्धा सांगायचे. 'काढ! झाला!' अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या बायका एप्रिलमध्ये डबे घेऊन रांग लावायच्या त्या त्यांच्या नाकासाठी.

या एप्रिलमध्ये त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या वनमालाबाईंचा आठ किलो मसाला कोळसा केला. सगळी गल्ली खोकत होती आणि गुणाजी शांतपणे कढई ढवळत होते. त्यांच्या पत्नी रत्नप्रभावहिनी घरातून ओरडत आल्या, तेव्हा त्यांना कळलं. त्या दिवशी ते दुकानाच्या पायरीवर बसून रडले. साठीचा माणूस रस्त्यावर रडतोय हे बघून मला फार वाईट वाटलं. मी घाईने दुसऱ्या गेटने आत गेलो.

मग भरपाईचा दावा करायचं ठरलं. बी विंगमधली चेतना वकील आहे, तिने फी न घेता केस घेतली. (अजून लहान आहे, सुधारेल.) तिने सांगितलेली कागदपत्रं मी मोठ्या आदराने इथे देतो: इस्पितळाचे कागद, डोक्याचा मालक तोच असल्याचा पुरावा, वास गेल्याचा दाखला, वास पूर्वी येत होता याचा दाखला, आणि प्रत्यक्षदर्शी साक्षीदार. चौथ्या कागदाला जरा त्रास पडला. तीन ठिकाणी विचारलं, पण वास येत असल्याची नोंद कुठलंच खातं ठेवत नाही. शेवटी वनमालाबाईंनीच लिहून दिलं, की मागल्या वर्षीचा मसाला झकास होता.

नोटिशीला पहिलं उत्तर आलं ते परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडून. 'सदर ठिकाणी फलक लावण्यास कोणतीही परवानगी दिली नसल्यामुळे सदर ठिकाणी फलक नव्हता. नसलेला फलक पडल्याचे या कार्यालयाच्या निदर्शनास आलेले नाही.' इतकं निर्दोष गद्य मी पेन्शनचे कागद सोडले तर कुठे वाचलेलं नाही.

दुसरं उत्तर दादांचे वकील चंद्रप्रकाश यांचं होतं. त्यात तीन मुद्दे होते. एक, फलक पडलाच नाही. दोन, पडला असल्यास तो बेचाळीस शुभेच्छुकांनी लावला होता, अर्जदार हे त्यांपैकी क्रमांक सतरा आहेत, सबब त्यांनी भरपाईचा बेचाळिसावा हिस्सा स्वतःकडून वसूल करावा आणि उरलेल्यासाठी शेजाऱ्यांना भेटावं. तीन, अर्जदार मुंबई उपनगरात राहतात, जिथे नाला, मासळीबाजार आणि कांजूरमार्गचं कचऱ्याचं डम्पिंग आहे. इथे वास न येणं ही हानी नसून सुविधा आहे, आणि या सुविधेची रक्कम अर्जदारांकडूनच का वसूल करू नये?

तिसरा मुद्दा बिल्डिंगला मनापासून पटला. 'गुणाजी, कांजूरला फ्लॅट घे रे आता, स्वस्तात पडेल!' असं लिफ्टमध्ये चार वेगवेगळ्या लोकांनी म्हणून झालं. पाचवा मी होतो.

गुणाजी हसले नाहीत. म्हणाले, "श्यामराव, पैशाचं जाऊ द्या. लोक म्हणतात मी नाटक करतोय. वास काय दिसतो का कोणाला? तो फलक पडला, एवढं एका माणसाने बोला ना. मग मला कायच नको."

आता केसचं सगळं गाडं साक्षीदारापाशी अडलं. चेतनाने घरोघरी जाऊन चौकशी केली. त्या वेळी घटनास्थळी आम्ही एकोणीस शुभेच्छुक हजर होतो. तिची आकडेवारी अशी: मोबाईल बघत होते, अकरा. चप्पल तुटल्यामुळे खाली बघत होते, चार. डोळ्यांत धूळ गेली होती, तीन. हजर होते पण हजर असल्याचं आठवत नाही, एक.

तो एक मी. गुणाजींपासून चार फुटांवर उभा होतो. बांबू सुटताना बघितला. 'गुणाजी, बाजूला हो' असं ओरडायला तोंडही उघडलं होतं.

परंतु प्रश्न इतका सोपा नाही. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची फाइल दादांच्या टेबलावर आहे. बेचाळीस घरांना नवीन फ्लॅट मिळायचेत. एका नाकापुढे बेचाळीस हॉल-किचन, हिशोब तुम्हीच करा. शिवाय फलकाची एक दोरी सोसायटीच्या गेटला बांधलेली होती. ती बांधू का, असं विचारणाऱ्या कार्यकर्त्याला 'बांध रे, आपलंच आहे' असं कोणीतरी म्हणालं होतं. सेक्रेटरीशिवाय असं म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

रविवारी रत्नप्रभावहिनी स्वतः कागद घेऊन आल्या. मी आत बोलावलं, पण त्या दारातच उभ्या राहिल्या.

"भावजी, तुमी थयच होतास मां?"

मी पंख्याचा वेग वाढवला.

"ह्यांका वास येणा नाय, ता माका चलात. मी हुंगतंय, मी सांगतंय कधी काढूचा ता. पण खोटारडो म्हणतत ओ त्यांका. रात्री झोपणत नाय. तुमी शिकलेले, दोन ओळींचा तर काम."

मी कागद घेतला. दोन ओळीच होत्या. 'दिनांक तेरा मार्च रोजी फलक पडलेला मी पाहिला. तो गुणाजी यांच्या डोक्यावर पडला.' मी तो तीनदा वाचला. 'दिनांक'मधली वेलांटी चुकली होती, ती दुरुस्त केली. पूर्णविराम ठळक केला. आणि शुद्धलेखन तपासून कागद वहिनींना परत दिला.

वहिनींनी कागदाची घडी घातली, ब्लाउजमध्ये ठेवली आणि जिना उतरून गेल्या. माझी मलाच लाज वाटली. खरंच वाटली. जेवण गेलं नाही त्या दिवशी. (संध्याकाळी गेलं.)

चेतना मात्र हट्टी. तिने आता नवीन अर्ज तयार केलाय. फलक पडला हे सांगायची गरज नाही. फक्त 'आमच्या चौकात असे विनापरवाना फलक लागतात आणि ते आम्ही रोज पाहतो' एवढंच नागरिकांनी लिहून द्यायचं. कोर्टाला तेवढं दिसलं, तर 'नव्हताच' म्हणणाऱ्यांची तरी पंचाईत होईल, असं तिचं म्हणणं. मरोळचाच रहिवासी पाहिजे असंही नाही. बोरिवली, घाटकोपर, गोरेगाव, कुठलाही चालेल. गेल्या महिन्यात तिला एकूण दोन सह्या मिळाल्या: गुणाजी आणि रत्नप्रभा.

वाचकहो, मी सही करू शकत नाही, माझी अडचण तुम्ही समजून घेतलीच असेल. तुमचं तसं नाही. तुमची फाइल दादांकडे नाही, आणि सकाळी दूध आणायला जाताना तुमच्याही नाक्यावर कोणीतरी बोट रोखून उभं असतंच. मला दोन शिव्या घालाव्यात असं एव्हाना तुम्हाला वाटलंही असेल, त्या मी स्वीकारतो. तर कागद हा असा आहे. वर नाव, त्याखाली सही, त्याखाली फोन नंबर आणि राहण्याचा पूर्ण पत्ता.

'पत्ता कशाला हवाय?' असं आलं ना मनात?

या, बसा. तुम्ही तर आमच्याच बिल्डिंगचे निघालात.