माने कंट्रोलरचं नाक

सांगलीच्या एसटी स्टँडवर आमचे माने कंट्रोलर माइकवरून ओरडायचे, "बिरज, ब्हैसाळकडे जाडारी गाडी फलाट दब्बर दऊवर लागली आहे." नव्या माणसाला वाटायचं, भोंगा बिघडलाय. भोंगा ठणठणीत होता. बिघडलं होतं ते मान्यांचं नाक. दोन्ही नाकपुड्या वर्षानुवर्षं बंद, त्यामुळे म चा ब आणि न चा द व्हायचा. नियतीचा विनोद असा, की या माणसाचं नाव नामदेव माने. नवा साहेब आला की ते ताठ उभं राहून ओळख करून द्यायचे, "बी दाबदेव बादे." साहेब मान हलवून म्हणायचा, "बसा बादे."

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मी तिथं पासाच्या खिडकीत होतो. माने साताऱ्याहून मागून बदली घेऊन आलेले. ठेंगणे, रुंद, इस्त्रीच्या खाकीत. कंडक्टर त्यांच्या नकला करायचे, त्यांच्या तोंडावरसुद्धा. मान्यांना त्याचं काही नसायचं. "गाडी पोचली का? पोचली. बग झालं," एवढंच त्यांचं उत्तर. पुढचं त्यांचं बोलणं मी दुरुस्त करूनच लिहितो, नाहीतर वाचणाऱ्याचंही नाक चोंदायचं.

कुणाच्या घरी चहाला जाणं नाही, कुणाला बोलावणं नाही. ड्यूटी संपली की हा गृहस्थ सायकलवर टांग टाकून नाहीसा. विचारलं तर म्हणायचे, मंडळींना जरा बरं नसतं. यापुढं कुणी विचारत नसे.

एका सोमवारी त्यांनी कॅन्टीनमध्ये जाहीर केलं की आपण नाकाचं ऑपरेशन करून घेणार. मिरजेला तेव्हा नाकात दुर्बीण घालून ऑपरेशन करण्याची नवी सोय झाली होती. चिरणं नाही, टाके नाहीत. सगळ्यांनी तर्क लढवले. कुणी म्हणालं, बढती हवीय. कुणी म्हणालं, रेडिओवर जायचंय. माने बशीतला चहा संपवून उठून गेले.

डॉक्टरकडे ते मला बरोबर घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नाकात मांसाचे मऊ फुगवटे वाढलेत, द्राक्षाच्या मण्यांसारखे, अगदी घोस. माने लगेच म्हणाले, "मग छाटणी घ्या करून." तासगावकडच्या बागायतदारांचे ते नेहमीचे डॉक्टर, त्यांना हे इतकं पटलं की पुढं सगळा व्यवहार छाटणीच्याच भाषेत झाला. छाटलेलं पुन्हा फुटू शकतं, म्हणून नंतर काळजी घ्यावी लागेल, असंही त्यांनी बजावलं. मान्यांनी एकच प्रश्न विचारला, तोही तीनतीनदा. वास येईल का? डॉक्टर म्हणाले, श्वास मोकळा होईल, आवाज सुधारेल, वासाचं मात्र वचन देता येत नाही. आवाजाबद्दल मान्यांनी चकार शब्द काढला नाही. मला ते जरा विचित्र वाटलं.

मग तयारी सुरू झाली. पहिल्यांदा तपकीर सुटली. बंद नाकात हा माणूस तपकीर कशाला कोंबायचा हे कोडंच होतं. डबी त्यांनी तासगावच्या एका ड्रायव्हरला देऊन टाकली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. ऑपरेशननंतर नाकात पट्टी गच्च भरून ठेवतात, असं डॉक्टर बोलले होते. म्हणून माने दोन्ही नाकपुड्यांत कापसाचे बोळे घालून कंट्रोल केबिनमध्ये बसू लागले. लोक विचारायचे, काय झालं? माने सांगायचे, सराव. नाक आधीच बंद असल्यामुळे बोळ्यांनी काडीचाही फरक पडत नव्हता, हे त्यांना सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

भीती घालणारेही होते. एका ड्रायव्हरनं सांगितलं, नाकाच्या शेजारी डोळा, वर मेंदू, हत्यार जरा सरकलं की खेळ खलास. माने तडक डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टर खरं बोलणारे निघाले. म्हणाले, मधलं हाड कागदासारखं पातळ असतं, म्हणूनच जपून करतो. माने परत आले आणि त्या ड्रायव्हरला शांतपणे म्हणाले, "खंबाटकीच्या घाटात दरी हाय, म्हणून आपण गाडी बंद ठेवतो का? ड्रायव्हर बघून घ्यायचा."

फक्त एका गोष्टीसाठी ते अडून बसले. आटपाडीची बहीण आल्याशिवाय ऑपरेशन नाही. तिच्याकडं दुष्काळी कामं चालू होती, तिला यायला उशीर झाला, तारीख पुढं ढकलली. आम्हाला वाटलं, भावाची सेवा करायला येतेय. पण ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यात बहीणही नाही, बायकोही नाही. घरचं माणूस म्हणून सही मीच केली.

जागा बधिर करून ऑपरेशन झालं. माने जागेच. तोंडावर हिरवं कापड, आणि खालून सारखी विचारणा, आता कुठवर आलो? डॉक्टरांनी शेवटी सांगून टाकलं, कराड गेलं, आता गप्प पडा. बाहेर आल्यावर हे मला सांगताना ते हसत होते. दोन दिवसांनी पट्टी काढली. वीतभर वाटणारी ती पट्टी निघता निघेना. मान्यांनी माझा हात असा दाबला, की पुढं चार दिवस मला पासावर शिक्का मारता येईना.

डॉक्टरांनी सांगितलेली रजा पुरी करून ते कामावर आले ते नियमांची पोतडी घेऊनच. वाकायचं नाही. त्यामुळे पेन खाली पडलं की ते खांबासारखे उभे राहायचे, कुणीतरी उचलून देईपर्यंत. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. अशी एक शिंक माइक चालू असताना आली आणि टायर फुटला समजून फलाटावरची माणसं पांगली. मिठाच्या कोमट पाण्यानं नाक धुवायचं. कॅन्टीनमागच्या मोरीवर ते तांब्या घेऊन मान कलती करून उभे राहायचे. एका नाकपुडीतून पाणी आत, दुसरीतून बाहेर. कुंडलच्या गाडीची वाट बघणारी माणसं गोलाकार उभी राहून हा सोहळा पाहायची.

आणि आवाज! खणखणीत. "मिरज, म्हैसाळकडे जाणारी गाडी फलाट नंबर नऊवर लागली आहे." त्या दिवशी मिरजेची निम्मी नेहमीची माणसं फलाटावरच राहिली. ती 'बिरज'ची वाट बघत होती. म्हैसाळच्या एका म्हातारीनं माझ्या खिडकीशी येऊन काळजीनं विचारलं, "आवं, त्ये जुनं कंट्रोलर गेलं का वो?"

सगळे खूश, माने सोडून. वास येत नव्हता. ते सगळं हुंगून बघायचे. डिझेलचा बोळा, कॅन्टीनमधला कांदा, फिनेलची बाटली, आमच्या हेडक्लार्कच्या टेबलावरची उदबत्ती. काही नाही. डॉक्टर म्हणाले, धीर धरा, महिने लागतात, कधी येतही नाही. माने मान डोलावून मोरीवर जायचे, तांब्या तोंडापर्यंत भरायचे, पुन्हा नाक धुवायचे. एक वेळ चुकली नाही.

मग एका सकाळी ते कामावरच आले नाहीत. निरोप नाही, चिठ्ठी नाही. असं कधी झालं नव्हतं. साहेबांनी मला घरी पाठवलं. विचारत विचारत गल्ली शोधली. दोन खोल्यांचं घर, पुढं नळ. माने बाह्या वर करून चादर धूत होते. मला बघून दचकले, मग म्हणाले, "ये सुतार. आत ये."

आत खाटेवर त्यांची बायको होती. अंगावरून वारं गेलेलं. हात-पाय हलत नव्हते, वाचा गेलेली. नुकतंच पुसून-सवरून धुतलेलं लुगडं नेसवलेलं होतं. डोळे तेवढे माझ्याकडं वळले. मी नमस्कार केला.

माने दारातच हात पुसत उभे राहिले. मिरजेचे दवाखाने जवळ पडतात म्हणून सातारा सोडला, ते म्हणाले. फायदा काही झाला नाही. ते ड्यूटीवर असताना शेजारीण डोकावून जायची. ऑपरेशनच्या दिवसांत आटपाडीची बहीण तिच्यापाशी राहून गेली होती. बाकी सगळं ते स्वतःच करायचे.

"हिला सांगता येत न्हाई, आन् मला वास येत न्हाई," ते खाली बघत बोलले. "मी घरी यायचो, हिच्याजवळ बसून दिवसभराचं बोलत राहायचो. ही तशीच घाणीत पडलेली. मला काय ठावं? एकदा शेजारीण आली, आन् तिनं उंबऱ्यातच पदर नाकाला लावला. तवा मी हिच्याकडं बघितलं. हिच्या डोळ्यात पाणी. कवापासनं पडली होती, कुणास ठाऊक."



"आज भाकरी थापत होतो," ते म्हणाले, "आन् आला वास. आधी मला उमगंनाच काय हाय. मग पळत आलो." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "इतका घाण वास, सुतार. लय बरं वाटलं गड्या."

साहेबांना काय सांगू, असं मी विचारलं. पोट बिघडलंय सांग, म्हणाले. चहा ठेवतो म्हणून आत वळले, पण फळीवरची तेलाची बाटली दिसली तशी ती घेऊन खाटेजवळ बसले. बायकोच्या केसांना तेल लावलं, हळूहळू विंचरलं, वेणी घातली. मी आहे हे बहुतेक विसरले होते. वेणी हातात धरून त्यांनी नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच ठेवली.

"खोबरेल," ते तिला म्हणाले. "ह्योबी येतोय."

तिनं डोळे मिटून घेतले. मी चपला घालून बाहेर आलो आणि नळाखालची अर्धवट राहिलेली चादर पिळून दोरीवर टाकली.