कुंभकोणमी दिवे वाढविले त्याची हकीकत

श्रीकुंभेश्वर समर्थ. शके १९१०, विभवनाम संवत्सरी, माघमासी कुंभकोणम मुक्कामी वीजबचतीची जी मोहीम जाहली, तीत कोण अडले, कोण लढले आणि अंधार कोणाचे शब्दाने पडला, हे पुढीलांस ठावे असावे म्हणोन जैसे घडले तैसे लिहिले आहे. पदरचे घातले नाही.

वर्तमान ऐसे जे, तमिळ मुलुखाचे सरकार आणि महाराष्ट्राचे सरकार यांमध्ये वीज राखावी, धूर मोडावा आणि सूर्य, वारा व शेण यांजकडोन चाकरी घ्यावी ऐसा तह ठरला. तहाचे कलम की, कुंभकोणमच्या मराठी गल्लीने एके सायंकाळी विजेचा खप निम्म्यावर आणोन दाखवावा, आणि मग तेथील मठाचे गोठ्यामागे गोबर गॅसची बांधणी करावी, टाकी तमिळ सरकारने द्यावी, शेगड्या महाराष्ट्राने धाडाव्या. न जमल्यास सर्व सरंजाम शेजारचे आडुतुरै गावी रवाना करावा.

मठाचे पाकशाळेच्या मुखत्यार मीनाक्षीबाई. ओल्या लाकडांचे धुराशी झुंजता झुंजता त्यांचे डोळे जायबंदी जाहले होते आणि डॉक्टरांनी चूल सोडा, नाही तर दृष्टी सोडा, ऐसे निर्वाणीचे बजाविले होते. चूल सोडावी तर पोटाची तजवीज नाही. सबब तहाची खरी गरज त्यांसच.

गल्लीचे तोंडावर व्यंकोबांचे समयांचे दुकान. नाचियारकोविल गावी घडलेल्या समयांचे पितळ झळकावे म्हणोन आत विजेचे दिव्यांच्या रांगाच रांगा, आणि व्यंकोबा करतील तेच गल्ली करी. बाई जातीने दुकानी गेल्या आणि बोलल्या की, एक सांज दिवे वाढव.

येथे वाचणारांनी ध्यानी धरावे की, दिवा विझला म्हणणे अभद्र. म्हणोन या मंडळींचे घरी तंजावरचे भोसल्यांचे अमलापासोन दिवा मालविणे यास दिवा वाढविणे म्हणतात. महाराष्ट्रीही जुनी माणसे जाणतात. साहेब लोक विसरले.

व्यंकोबा म्हणाले, "सांजेला दिवे वाढविले तर लक्ष्मी दारातून परत जाईल, अक्का."

"लक्ष्मी सकाळच्या बसने येईल परत. माझे डोळे कुठल्या बसने येतील?"

व्यंकोबा तरीही हटले नाहीत.

मग नेमिले दिवशी महाराष्ट्राचे एलची, ऊर्जाखात्याचे देवस्थळीसाहेब, नादस्वराचे गजरात दाखल जाहले. वीजखात्याचे पांडुरंगराव खांबाखाली मापनयंत्र मांडोन मोर्चा धरोन होते. तो पूर्वजांचे मुलुखाचा पाहुणा आला म्हणोन व्यंकोबांनी एकूण एक दिवा लाविला, गल्लीनेही लाविला, आणि काटा सरसर चढला. पांडुरंगराव हळूच बोलले, "अक्का, शेगड्या आडुतुरैला चालल्या." बाईंनी पदराने डोळे टिपले. धुराचे पाणी की दुःखाचे, हे समजले नाही.

साहेब दुकानापुढील चौरंगावर चढले आणि भाषणाचा कागद उघडिला, तो अक्षर बारीक, चष्मा जुना. सबब साहेबी फर्मान सुटले की, दिवे जरा वाढवा.

व्यंकोबांचे मनी आले की, पाहुणा थोर, शब्द आजोबांचा, अव्हेर कैसा करावा. मग एक रांग मालविली.

साहेब म्हणाले, "हे काय? वाढवा म्हटलं ना. अजून वाढवा."

साहेब करडे आहेत ऐसे जाणोन व्यंकोबांनी दुसरी रांग मालविली, आणि तिसरे फर्मान आले की, सगळेच्या सगळे वाढवा. तेव्हा दुकान मालविले, पाहोन गल्ली मालविली, आणि समोरचे घरच्या आजीबाईंनी ऐन रंगात आलेले दूरदर्शनही वाढविले. काळोख ऐसा पडला की साहेब फर्मावीत पुढे सरले ते चौरंगावरोन थेट शेवंतीचे टोपलीत उतरले.

इतक्यात खांबाखालोन वर्दी आली, "निम्म्याच्याही खाली."

बाईंनी एक समई लाविली आणि पांडुरंगरावांनी साहेबांचे कानी शब्दाचा अर्थ घातला. साहेब फुले झटकोन विचारात पडले. खरे बोलावे तर हुकूम उलटा होता, परंतु काटा उलटा नव्हता. समोर समईचे उजेडी बाईंचे लालबुंद डोळे. मग साहेबांनी गळा साफ करोन जाहीर केले की, गल्लीने हुकमाची तामिली अक्षरशः केली, आणि समईपाशी बसोन तहावर सही केली.

पुढे चैत्री मठात निळी ज्योत पेटली आणि साहेब पहिले पंक्तीस आले. बाई सांबाराचे भांडे घेऊन उभ्या राहिल्या आणि पुसते जाहल्या, "साहेब, काय वाढू?" साहेबांनी भांड्याकडे बोट केले, मुखावाटे तो शब्द काढिला नाही.

येणेप्रमाणे दोन सरकारांचा तह सिद्धीस गेला, धूर मोड खाऊन परागंदा जाहला, व्यंकोबांची लक्ष्मी सकाळचे बसची वाट न पाहता परतली आणि मोहीम फत्ते जाहली, याची नोंद केली असे. पंक्ती उठल्या, मीनाक्षीबाईंनी कोरड्या डोळ्यांनी ज्योत एकवार पाहिली आणि शेगडी वाढविली.