चिठ्ठी क्रमांक एक

लिफ्टवाल्यांचं आतापर्यंतचं सर्वांत मोठं भाषण पंचेचाळीस सेकंदांचं होतं आणि त्यातले वीस त्यांनी घसा साफ करण्यात घालवले होते. संध्याकाळच्या भाषणकलेच्या वर्गात पास व्हायचं तर कागद न बघता सलग तीन मिनिटं बोलावं लागे. चोवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करताना अंधाऱ्या पोकळीत शिड्या चढून-उतरून त्यांचे गुडघे आता बोलायला लागले होते, पण त्यांचं तोंड काही बोलायला तयार नव्हतं. कंपनीने साफ सांगितलं होतं की नव्या कामगारांना शिकवायची खुर्ची तुमचीच, फक्त या वर्गाचं सर्टिफिकेट आणा. नाही आणलंत तर शिडी आहेच.

"अहो, तीन मिनिटं म्हणजे काय? एवढं तर मी श्वास न घेता बोलते," बायको गुडघ्यांना तेल चोळताना म्हणायची. त्यावर ते "हं" म्हणत, आणि ते मनापासून असे.

आज शेवटची संधी होती. तिघातिघांच्या गटाने एकेका विषयावर बोलायचं होतं आणि लिफ्टवाल्यांच्या गटाचा विषय होता, 'लिफ्टमध्ये अडकल्यावर काय करावे'. गटात एक हॉस्पिटलच्या सिस्टर होत्या आणि दुसरे विमेवाले. विमेवाल्यांच्या जिभेला हाड नव्हतं आणि विश्रांतीही नव्हती. रस्ता विचारणाऱ्या माणसालासुद्धा ते पॉलिसी घेतल्याशिवाय वळू देत नसत. लिफ्टवाले त्यांच्याकडे बघत बसत, आणि त्या बघण्यात हेवा कमी आणि कौतुकच जास्त असे.

भाषण झालं की श्रोत्यांनी तीन प्रश्न विचारायचे आणि त्याला दहा गुण, असा मॅडमचा नियम होता. मागच्या आठवड्यात एका गटाला कोणी काहीच विचारलं नाही. मॅडमनी घड्याळ लावून पाच मिनिटं वाट पाहिली आणि शेवटी वहीत शून्य लिहिलं. तेव्हाच विमेवाल्यांनी ठरवलं की प्रश्न नशिबावर सोडायचे नाहीत.

"आपले प्रश्न आपणच लिहून द्यायचे," ते म्हणाले. "बागकामावर बोलणार आहे त्या बागवाल्या गटाशीही मी बोललोय. त्यांचीही चिठ्ठी, आपलीही चिठ्ठी. विचारणार पोस्टातले आजोबा. त्यांच्यावर कोणी संशय घेणार नाही."

"पण हे बरोबर आहे का?" सिस्टरनी विचारलं.

"सिस्टर, तुम्ही इंजेक्शनच्या आधी दुखणार नाही म्हणता, ते बरोबर असतं का?"

सिस्टरनी पेन काढलं. लिफ्टवाल्यांनी कागद पुढे सरकवला.

पोस्टातले आजोबा म्हणजे वर्गातला सर्वांत सज्जन माणूस. चाळीस वर्षं त्यांनी पत्रांची वर्गवारी केली होती आणि दुसऱ्याचा कागद कधी वाचला नव्हता. विमेवाल्यांनी त्यांना दोन बंद पाकिटं दिली. त्यांवर मोठ्या अक्षरात एक आणि दोन असे आकडे घातले होते, कारण बागवाला गट आधी होता आणि लिफ्टवाला नंतर.

"पहिल्या गटाला एक नंबर, दुसऱ्याला दोन नंबर. चुकणार नाही ना?"

"आजवर माझ्या हातून एक पाकीट इकडचं तिकडे गेलेलं नाही," आजोबा म्हणाले. ते शब्दशः खरं होतं आणि सगळा घोळ त्यातूनच व्हायचा होता.

वर्ग सुरू झाला तेव्हा बागवाल्यांच्या कुंड्या घेऊन येणारी गाडी वाटेत बंद पडली होती. मॅडम म्हणाल्या, "हरकत नाही, लिफ्टचा गट आधी बोलेल." विमेवाले त्या वेळी दाराच्या काचेत बघून टाय सारखा करत होते. आजोबांनी मात्र 'आधी' हा शब्द नीट ऐकला आणि एक नंबरचं पाकीट वरच्या खिशात घेतलं.

सिस्टर छान बोलल्या. विमेवाल्यांना पाच मिनिटं दिली होती, त्यांनी अकरा घेतली आणि त्यात दोनदा विम्याचे हप्ते येऊन गेले. मग लिफ्टवाले उठले. समोर तीस चेहरे होते. त्यांनी घसा साफ केला, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "अडकल्यावर दार ओढू नये. धन्यवाद."

मॅडमनी वहीत एकच शब्द लिहिला. तो कोणता असेल हे लिफ्टवाल्यांना दुरूनही कळलं आणि त्यांचे गुडघे तिथल्या तिथे दुखायला लागले.

"आता प्रश्न," मॅडम म्हणाल्या. "उत्तरं लिफ्टवालेच देतील. ते कमी बोललेत."

विमेवाल्यांनी डोळा मिचकावला, कारण तिन्ही उत्तरं त्यांनी लिफ्टवाल्यांकडून घोटून घेतली होती. पहिलं उत्तर होतं 'आठ माणसं', दुसरं 'घंटा दाबावी' आणि तिसरं 'हवा पुरते'. आजोबा उभे राहिले, पाकीट फोडलं, चष्मा नाकावर बसवला आणि स्वच्छ आवाजात वाचलं, "पाणी रोज द्यावं की एक दिवसाआड?"

"आठ..." लिफ्टवाले म्हणाले आणि थांबले.

वर्गात खसखस पिकली. सिस्टरनी पदर तोंडाला लावला. विमेवाल्यांचा चेहरा असा झाला, की त्या क्षणी त्यांना विमा द्यायला कोणतीच कंपनी धजावली नसती. पण लिफ्टवाले हसले नाहीत. त्यांचा स्वभावच असा होता की एखाद्याने अडचण सांगितली की ती खरी मानून कामाला लागायचं. त्यांनी थोडा विचार केला.

"दिवसाआड म्हणजे फार उशीर होईल, आजोबा. अडकलेल्याला तासाभरात पाणी लागतं. एकदा एक आजी अडकल्या होत्या, त्यांना औषध घ्यायचं होतं. दार बोटभरसुद्धा उघडत नव्हतं. बाटली जाईना. मग मी फटीतून स्ट्रॉ सरकवली, बाहेर पेला धरला. त्या आतून प्यायल्या. वर मला म्हणाल्या, जरा थंड नव्हतं का?"

पुन्हा हशा पिकला, पण या वेळी तो वेगळा होता. आजोबांनी समाधानाने मान हलवली आणि दुसरा प्रश्न वाचला. "कुंडीच्या तळाला भोक ठेवावं का?"

"कुंडीचं मला माहीत नाही. पण लिफ्टच्या खाली खड्डा असतो, त्यात पाणी साचतं. साचलं की वायरी खराब होतात, आणि मग वरची माणसं उगाच अडकतात. कोणी खाली बघत नाही. मी बघतो. दर महिन्याला उतरतो आणि..." त्यांनी हाताने खड्डा दाखवला, शिडी दाखवली, स्वतः कसे वाकतात तेही दाखवलं. पुढच्या रांगेतली माणसं खुर्च्या पुढे ओढून बसली.

"शेवटचा प्रश्न," आजोबा म्हणाले. "झाडाशी बोलल्याने खरंच फरक पडतो का?"

आता कोणी हसलं नाही, कारण उत्तर काय येतंय याची सगळ्यांना उत्सुकता लागली होती.

"झाडाचं मी सांगू शकत नाही," लिफ्टवाले हळूच म्हणाले. "माणसाशी बोलल्याने पडतो. लिफ्ट दुरुस्त व्हायला कधी दोन तास लागतात. तोवर आतला माणूस गप्प झाला की मला भीती वाटते. मग मी हातातलं काम करता करता त्याच्याशी बोलत राहतो. काय बोलतो ते आठवत नाही, पण थांबत नाही."

टाळ्या पडल्या. मॅडमनी चष्मा काढून पुसला. "प्रश्नांचे दहापैकी दहा," त्या म्हणाल्या.

लिफ्टवाले खाली बसले आणि पुन्हा उठले. या वर्गात ते पहिल्यांदाच कोणी न बोलावता उठले होते. विमेवाल्यांनी त्यांचा शर्ट मागून ओढला, तो त्यांनी सोडवून घेतला.

"मॅडम, ते दहा गुण देऊ नका. प्रश्न आम्हीच वाटले होते. हे बागेचे आहेत, आमचे दुसऱ्या पाकिटात असतील." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. मागच्या आठवड्यातलं शून्य सांगितलं, पाकिटं सांगितली, आजोबांचा काहीच दोष नाही हे दोनदा सांगितलं. कंपनीची खुर्ची सांगितली, शिडी सांगितली. "गुडघे दुखतात म्हणून खोटं बोलावं असं नाही," ते म्हणाले. "दुखणारे गुडघे घेऊन मी निवृत्तीपर्यंतची चार वर्षं चढेन, पण नव्या कामगारांना शिकवलंच तर खरं तेवढंच शिकवेन." एवढं बोलून ते थांबले आणि आपण कुठे उभे आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं.

"सव्वातीन मिनिटं," मॅडम घड्याळ बघत म्हणाल्या. "कागद न बघता. गटाचे प्रश्नांचे दहा गुण मी कापले. तुम्ही पास." वहीतला तो एक शब्द त्यांनी सगळ्यांसमोर खोडला. मग त्या वळल्या. "विमेवाले, कल्पना तुमची दिसते. आता तुम्ही यावरच तीन मिनिटं बोला. हप्ते नकोत."

विमेवाले उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं. आतून शब्दच येईना. जगातल्या प्रत्येक संकटावर बोलता येणाऱ्या त्या माणसाला स्वतःच्या चुकीवर एक वाक्य सापडत नव्हतं. नजर दाराकडे गेली, मग छताकडे.

लिफ्टवाल्यांना ही शांतता ओळखीची होती. सगळी बटणं दाबून झाल्यावर आतला माणूस असाच गप्प होतो. त्यांनी आपली खुर्ची विमेवाल्यांच्या जवळ ओढली आणि चोवीस वर्षं बंद दारांबाहेर वापरलेल्या आवाजात म्हणाले, "घाबरू नका. हवा भरपूर आहे. मी इथेच आहे, कुठे जात नाही. अगदी सावकाश बोला."

"माझी..." विमेवाले म्हणाले.

"हं," लिफ्टवाले म्हणाले. "पुढे."