अकरा नंबरची बचत

पाणीमीटर कार्यालयाने कर्मचाऱ्यांचे कामावर येणे-जाणे हरित आणि स्वस्त करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा त्याचा आपल्याला काही त्रास होईल असे अकरा नंबरच्या मनातही आले नाही. त्याचे खरे नाव पगारापुरते उरले होते. दोन पायांच्या अकरा नंबरच्या बसने येतो म्हणून सगळे त्याला अकरा नंबरच म्हणत. घर रस्त्याच्या पलीकडेच होते. नळांच्या नकाशांतून मान वर केली की समोरच्या पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत आई दिसायची. तिने पडदा सारला की जेवायची वेळ झाली. मग तो रस्ता ओलांडून जायचा, मायलेक समोरासमोर बसायचे, आई कालचे भांडण जिथे थांबले तिथून पुढे चालू करायची आणि जेवण मजेत व्हायचे. वडील गेल्यापासून ती एकटी ताटावर बसत नसे. "भिंतीशी बोलत जेवायला मला अजून वेड नाही लागलं," ती म्हणायची.

निर्णयाच्या अंमलबजावणीसाठी एक हरित प्रवास अधिकारी नेमण्यात आल्या. मॅडम उत्साही होत्या आणि मनाने चांगल्याही होत्या, म्हणजे कार्यालयाच्या दृष्टीने संकट दुहेरी होते. त्यांनी भिंतीवर एक कागदी झाड चिकटवले. प्रत्येक कर्मचाऱ्याची एक फांदी. जो पूर्वीपेक्षा कमी इंधन जाळील, त्याच्या फांदीला हिरवे पान. हेडक्लार्क आजवर मोटारीने एकटेच येत, ते आता तिघांना बरोबर घेऊन येऊ लागले. हे तिघे आधी बसने येत, ही बाब तपासणीच्या कक्षेत बसत नव्हती. हेडक्लार्कची फांदी बघता बघता डवरली. मोठे साहेब तर बहुतेक दिवस कामावर येतच नसत. त्यांची फांदी पानांच्या ओझ्याने इतकी वाकली की तिला खालून खिळा मारावा लागला.

अकरा नंबरची फांदी मात्र खराट्याच्या काडीसारखी उघडीच राहिली. मॅडमनी त्याला बोलावून घेतले.

"तुमचा योजनेला विरोध आहे का?"

"नाही मॅडम. मी चालत येतो."

"कधीपासून?"

"नोकरीला लागल्यापासून."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, मग तुम्ही कमी काय करणार? सुधारणेला जागाच ठेवली नाही तुम्ही!"

"सावकाश चालू का?"

"चेष्टा नको." मॅडमचा आवाज हळवा झाला. "वरून आदेश आहे. ज्यांच्या फांदीला पान नाही, त्यांची बदली गावाबाहेरच्या शाखेत. तिथे जायला आपण विजेवरची बस घेतलीय ना, ती बिचारी रिकामी धावते. कुणीतरी बसायला हवं तिच्यात."

गावाबाहेरची शाखा म्हणजे सकाळी गेलेला माणूस दिवेलागणीलाच घरी. अकरा नंबरला समोरचा पडदा आठवला.

हेडक्लार्कनी त्याला जिन्यात गाठले. "अरे वेड्या, सोडायचं तर आधी धरावं लागतं. मी सिगारेट सोडली तेव्हा घरात केवढं कौतुक झालं माझं! माझ्या भावाने जन्मात ओढली नाही. त्याला कुणी विचारतं का?"

अकरा नंबरला हे लख्ख पटले. त्याने मामाची जुनी स्कूटर मागून आणली. ती सुरू झाली की गल्लीतल्या बायका वाळत घातलेले कपडे आत नेत. रस्ता एकमार्गी असल्यामुळे समोरच्या कार्यालयात पोचायला त्याला आख्खी बाजारपेठ आणि दवाखान्याचा चौक पालथा घालून यावे लागे. शिवाय सुरुवातीचा आकडा घसघशीत दिसावा म्हणून हेडक्लार्कच्या सल्ल्याने तो वखारीलाही एक फेरी मारी.

पहिल्याच सकाळी आई खिडकीतून ओरडली, "अरे, दार समोर आणि तू निघालास कुठे?"

"ऑफिसला!"

"मग पत्ता नीट विचारून घे कुणाला तरी!"

तो रोज उशिरा पोचू लागला, खोकू लागला, आणि प्रदूषण करणारा कर्मचारी म्हणून त्याची प्रथमच दखल घेतली गेली. मॅडमनी त्याला समजावले. त्याने पुरेसे आढेवेढे घेतले आणि मग एका सभेत स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवून आजपासून आपण चालत येणार असल्याचे जाहीर केले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमचे डोळे भरून आले. त्याच्या फांदीवर पाने लावता लावता डिंक संपला. बदली टळली, गळ्यात हार पडला, आणि तो हार घेऊन अकरा नंबर अक्षरशः नाचत घरी गेला.

आईने हार उलटसुलट करून पाहिला. "चालत जातोस म्हणून? मग पहिलं पाऊल टाकलंस तेव्हा मी हत्तीवरून मिरवायला हवं होतं तुला!" पण त्या दुपारी ती चार घास जास्त जेवली.

एवढ्यावर थांबते तर ते यश कसले? हाराची बातमी आजूबाजूला पसरली. सायकलवाल्या टंकलेखिकेला आपली फांदी बोचू लागली. तिने सोडण्यासाठी मोटार घेतली. समोरची बँक, कोपऱ्यावरचे न्यायालय, पलीकडची शाळा, सगळीकडे कागदी झाडे लागली आणि आजवर पायी किंवा बसने येणारी सगळी सालस माणसे सोडण्यासाठी वाहने धरू लागली. दुकानदारांनी ‘सोडायला सोपी’ अशा पाट्या लावल्या. सुरुवातीचा आकडा मोठा दिसावा म्हणून लोक कार्यालयाला दोन-दोन प्रदक्षिणा घालू लागले. मॅडमनी प्रगती समाधानकारक असल्याचे वर कळवले.

आणि एके दुपारी पडदा सरला, अकरा नंबर पायरीवर आला, आणि त्याला रस्ता दिसेना. गाडीला गाडी चिकटलेली. मधून मांजरही जाईना. त्याने एका काचेवर टकटक केली.

"जरा मागे घेता? पलीकडे जायचंय."

"अहो, सोडणारच आहे मी," आतला गृहस्थ कळवळून म्हणाला. "उद्यापासून."

त्याने पुढची काच वाजवली. तिथेही उद्यापासूनच होते. मॅडम धावत आल्या. त्याला पलीकडे नेण्यासाठी त्यांनी विजेवरची बस मागवली होती. बस मागे याच रांगेत अडकली होती, पण पहिल्यांदाच तिच्यात प्रवासी बसणार म्हणून मॅडम आनंदात होत्या.

समोर खिडकीत आई रिकामे ताट वाजवून दाखवत होती. ती काय बोलते आहे ते हॉर्नच्या गोंगाटात ऐकू येत नव्हते.

त्यात सगळ्यांत मोठा हॉर्न त्या पांढऱ्या गाडीचा. काचा वर, आत गारेगार, एकच माणूस, आणि वेळ जात नाही म्हणून मांडीवर ही गोष्ट. वाचकहो, तुमचीच ना ती? तुम्हीही उद्यापासून सोडणार आहात, माहीत आहे. आज फक्त हातभर मागे घ्या. आई जेवायची थांबली आहे.